दमेकरी बाई आनापानाला बसते तेव्हा

‘श्वासाकडे लक्ष द्या, मन आपोआप शांत होईल’ हे मी योगवर्गात ऐकलं, प्रवचनात ऐकलं, मोबाइलवर आलेल्या व्हिडिओंतही ऐकलं. दर वेळी मनात एकच यायचं, की माझं लक्ष श्वासावर असतंच. वयाच्या सातव्या वर्षापासून आहे. जिना चढताना, फोडणीचा ठसका बसला की, कुणाच्या घरी जुनी गादी उलगडली की पहिलं लक्ष छातीकडे जातं. निरोगी माणसाला श्वासाची आठवण करून द्यावी लागते. मला दमा आहे. श्वास विसरून जाता आलं तो दिवस माझ्यासाठी चांगला.

त्यामुळे श्वासाचा आधार घेऊन बसायला मी शिकले ती वाट सरळ नव्हती. दमा असलेले, छातीत धडधड होऊन घाबरे होणारे, आजारपणानंतर धाप मागे राहिलेले असे पुष्कळ जण ‘हे आपल्याला जमायचं नाही’ म्हणून ध्यान सोडून देतात. त्यांच्यासाठी मुद्दाम हे लिहिते आहे.

मी मूळची मिरजेची, लग्न होऊन कोकणात आंजर्ल्याला आले. समुद्राची हवा मानवेल असं सगळे म्हणाले होते. दिवाळी ते होळी ती मानवतेही. पण मिरगापासून पुढचे चार महिने भिंतींना ओल, कपाटातल्या साड्यांना बुरशीचा वास, गाद्या कितीही शेकल्या तरी कुबट. दम्याला याहून वाईट काही नाही. त्यात ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमच्या बागेतल्या पोफळी जवळजवळ सगळ्या आडव्या झाल्या, माडही गेले आणि घराची अर्धी कौलं उडाली. तो अख्खा पावसाळा आम्ही ताडपत्रीखाली काढला. त्या वर्षी मला जितके अटॅक आले तितके पूर्वी कधी आले नव्हते. पुढे घर शाकारलं, नव्या पोफळी लावल्या, रोजचा पंप बदलून मिळाला, छाती सुधारली. रात्री मात्र सुधारल्या नाहीत. तीनच्या सुमारास जाग यायची आणि उशीखालचा निळा, दम लागल्यावर घ्यायचा पंप हाताने चाचपत मी बसून राहायची.

दापोलीच्या डॉक्टरांनी तपासलं, फुंकर मारायच्या यंत्रात फुंकायला लावलं आणि म्हणाले, “छाती चांगली आहे. आता एवढंच बघा, रात्री जाग येते ती दम लागून येते की दम लागेल या भीतीने?” मला उत्तर देता आलं नाही. दोन्हीत फरक असतो हेच तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

गौरी-गणपतीला वन्सं आल्या. ह्यांची मोठी बहीण, चिपळूणला असतात. इगतपुरीला धम्मगिरीत विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आल्या त्याला पुष्कळ वर्षं झाली, तेव्हापासून त्यांची सकाळ-संध्याकाळची बैठक चुकलेली नाही. ही विपश्यना शिकवणारे सत्यनारायण गोयंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले, इगतपुरीचं केंद्र १९७६ पासूनचं. तिथे पहिले तीन दिवस एकच काम असतं. नाकपुड्यांच्या तोंडाशी आणि वरच्या ओठाच्या वर जो भाग आहे तिथे श्वास येतो-जातो तो जाणायचा. त्याला आनापान म्हणतात. मोजायचं नाही, नाम घ्यायचं नाही, लांब करायचा नाही. आखूड आला तर आखूड, लांब आला तर लांब, डावीकडून आला तर डावीकडून.

“तुझं ते अनुलोम-विलोम वेगळं,” वन्सं म्हणाल्या. “तिथे तू श्वासाला कामाला लावतेस. इथे तो त्याचं काम करतोय, तू मध्ये पडू नकोस.”

ऐकायला सोपं आहे. माजघरात पाटावर घोंगडीची जाड घडी ठेवून त्यांनी मला बसवलं. गुडघे कमरेपेक्षा खाली जायला हवेत, म्हणजे पाठ न ताठवता सरळ राहते. ज्यांचे गुडघे वाकत नाहीत त्यांनी सरळ खुर्चीवर बसावं, पाय जमिनीला टेकवून. ध्यान मांडीत नसतं. डोळे मिटले, लक्ष नाकाशी नेलं, आणि चार-पाच श्वासांत छाती आवळली. पुढचा श्वास मीच ओढून घेते आहे असं वाटायला लागलं. ओढला नाही तर येणारच नाही, अशी भीती. मी डोळे उघडले तेव्हा वन्सं माझ्याकडेच बघत होत्या.

“तू बघत नाहीयेस, राखण करत्येस,” त्या म्हणाल्या.

यामागचं शरीरशास्त्र नंतर समजून घेतलं. श्वास मेंदूच्या देठातून आपोआप चालतो, झोपेतही, बेशुद्धीतही. पण तो आपल्या इच्छेनेही चालवता येतो, नाहीतर पोहता आलं नसतं, गाता आलं नसतं. हृदयाचं किंवा आतड्यांचं असं नाही. श्वास या दोन सत्तांच्या सीमेवर आहे, म्हणून तर ध्यानाला तो इतका उपयोगाचा. आणि म्हणूनच त्याच्याकडे बघायला गेलं की इच्छा लगेच पुढे होते आणि सूत्रं हातात घेते. नवीन बसणाऱ्या प्रत्येकाचं हे होतं, दमा असो वा नसो. दमेकऱ्याची अडचण आणखी एक. सगळीकडे सांगतात, उच्छ्वासावर सैल व्हा, तिथे विसावा. दम्यात नेमका उच्छ्वासच अवघड असतो. नळ्या आवळलेल्या असतात, हवा आत जाते पण बाहेर पडायला वेळ घेते, आणि उच्छ्वासाच्या शेवटी ती बारीक शिट्टी वाजते. इतरांचा विसावा तो आमचा पहाऱ्याचा नाका.

वन्सं परत गेल्या. मी रोज बसत होते आणि रोज घाबरत होते. पुण्याला लेकीच्या कंपनीत माइंडफुलनेसचा वर्ग झाला होता. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला, त्याच परंपरेतला. ती फोनवर म्हणाली, “आई, श्वासच कशाला? आवाज घे. तुझ्या घरी तर समुद्र आहे.”

हे मी वन्संना सांगितलं तेव्हा त्यांना ते फारसं रुचलं नाही. “धरसोड नको. एक धर,” म्हणाल्या. त्यांच्या परंपरेत दोन पद्धतींची सरमिसळ करत नाहीत आणि त्यामागचं कारण मला पटतं. रोज नवं काही करून बघणारा कशातच मुरत नाही. पण ज्याला श्वासाचीच धास्ती आहे त्याने आधी दुसरीकडे हात टेकावा, असं माझं मत झालं आणि आजही आहे.

मग मी गाज घेतली. आमच्या पडवीत पहाटे गाज स्वच्छ ऐकू येते. भाद्रपदात ती अजून घुमत असते, एक लाट संपायच्या आत दुसरी. दिवाळीनंतर लाटा सुट्या होतात आणि मधल्या शांततेत माडाच्या झावळ्या ऐकू येतात. आवाजाचा मोठा गुण असा की तो मी काढत नाही. माझ्यावाचून येतो, माझ्यावाचून जातो. त्याची राखण करता येत नाही. काही आठवडे मी फक्त एवढंच केलं. लक्ष भरकटलं की गाजेवर यायचं. सोबत बैठकीची दोन हाडं पाटावर टेकलेली आहेत, तिथला दाब जाणायचा. त्या दिवसांत ध्यान म्हणून जे काही मुख्य असतं ते मी शिकले, श्वासाला न शिवता.

काय शिकले? भरकटणं कळणं. मी गाज ऐकत असते आणि कधीतरी, कसं ते कळत नाही, सुपारीच्या भावात असते. मग बागेतल्या कामाच्या माणसांची मजुरी, मग लेकीचं लग्न, मग लग्नाला यायला मिरजेच्या काकूंना जमेल का, मग काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. या सगळ्यात मी काकूंच्या घरी पोचलेली असते, त्यांच्या स्वयंपाकघरातला केशरी डबासुद्धा दिसत असतो. आणि एकदम लक्षात येतं, अरे, मी बसले आहे. हा जो क्षण आहे त्याला मी पूर्वी चुकीचा क्षण मानायची, ‘परत गेलंच मन’ म्हणून. वन्संनी तो समज काढून टाकला. त्या म्हणाल्या, गेलं तेव्हा तुला माहीत नव्हतं, आता माहीत आहे. म्हणजे हाच जागेपणा. त्याला ओरडतेस कशाला? हळूच परत ये.

हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली २,२५० माणसांना त्यांच्या फोनवर वेळी-अवेळी विचारलं, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. हे मला लेकीने सांगितलं तेव्हा फार बरं वाटलं. भटकणं हा माझ्या मनाचा खास दोष नाही, मनाची ती चालच आहे.

याच सुमाराला पाजपंढरीच्या एका तांडेलाचं, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याचं, बोलणं कानावर पडलं. खाडीत रात्रीतून कुणाची तरी होडी सरकून दुसरीवर आदळली होती, त्यावरून बोलणं चाललं होतं. तो ह्यांना सांगत होता, नांगर चांगला होता, दोर आखूड सोडला. पाणी जितकं खोल त्याच्या चार-पाच पट दोर सोडायला लागतो. आखूड दोराने होडी नांगराला वर ओढते आणि तो उपटून निघतो. दोर लांब असला की ओढ आडवी बसते, नांगर रुततो, आणि होडी भरती-ओहोटीबरोबर खुशाल तोंड फिरवत राहते. मी दाराशी मासे निवडत हे ऐकत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे बसले तेव्हा पहिल्यांदा मनाला दोर सोडला. गाज मधोमध, बाकी सगळं आजूबाजूला: गोठ्यातली हालचाल, डाव्या पायाच्या मुंग्या, कालच्या भांडणाची बोच. काही हाकलायचं नाही. मन फिरेल तेवढं फिरू दे, फक्त दोराचं टोक माहीत असू दे.

त्यानंतर श्वासाकडे गेले, पण नाकाशी नाही. बेंबीखाली तळवा ठेवला. पोट वर येतं, खाली जातं. ब्रह्मदेशातलेच ध्यानगुरू महासी सयादो यांच्या परंपरेत पोटाची ही हालचालच ध्यानाला घेतात, हे नंतर कळलं. पोट छातीपासून लांब आहे, तिथे शिट्टी ऐकू येत नाही, एवढ्यानेही मला धीर आला. श्वास ‘घेतला जातो’ आहे असं वाटलं की मी लक्ष थोडा वेळ परत गाजेवर न्यायची, तेवढ्यात पोट आपलं आपण हलायला लागलेलं असायचं. मग हळूच बाजूने तिथे जाऊन बसायचं. असं करता करता एका सकाळी उच्छ्वास संपला, आणि पुढचा श्वास यायच्या आधी मध्ये थोडी जागा होती. मी काहीच केलं नाही. श्वास आला. मी पन्नाशीची बाई, चाळीसहून अधिक वर्षं दम्याची; आपण ओढला नाही तरी श्वास येतो हे मला त्या सकाळी कळलं. डोळ्यांतून पाणी आलं, पुसलं नाही.

मोजण्याबद्दल थोडं सांगते. वन्संच्या पद्धतीत मोजत नाहीत, पण ज्यांना काही धरायला लागतं त्यांना मोजणी उपयोगी पडते, आणि तीही जुनीच आहे. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात सांगितलंय, की पाचाच्या आत थांबू नये आणि दहाच्या पुढे जाऊ नये. पाचाच्या आत मन कोंडतं, दहाच्या पुढे ते श्वास सोडून आकड्यांवर जाऊन बसतं. मी ताप-सर्दीच्या दिवसांत एक ते दहा मोजते.

नाकाशी मी आले ती थंडीत, पौषात. आंब्याला मोहोर आला होता, पहाटे चांगला गारठा होता. त्या हवेत आत येणारा श्वास नाकपुडीच्या कडेला इतका स्पष्ट गार लागतो की शोधावा लागत नाही. बाहेर जाणारा ऊबदार, ओलसर, वरच्या ओठाला पुसटसा लागतो. आणखी बारकाईने पाहिलं तर दोन्ही नाकपुड्या सारख्या वाहत नाहीत. एक मोकळी, एक अर्धवट मिटलेली, आणि काही तासांनी उलटं. नाकाच्या आतलं अस्तर आलटून-पालटून फुगतं म्हणून हे होतं. आमचे सासरे उजवीला सूर्यनाडी, डावीला चंद्रनाडी म्हणत, जेवल्यावर डाव्या कुशीवर झोपत, तेव्हा मी मनातून हसायची. आता डावी वाहते की उजवी हे मला कुणी न सांगता कळतं.

मग मे महिना आला आणि सगळं हरवलं. जागा तीच, मी तीच, नाकाशी काही लागेचना. मला वाटलं, साधना बिघडली. तसं नव्हतं. मे महिन्यात आमच्याकडची हवा आधीच दमट आणि तापलेली. जी आत येते आणि जी बाहेर जाते तिच्यात फरकच थोडा उरतो. स्पर्श फरकावर चालतो. हे कुठल्याही पुस्तकात मला सापडलं नव्हतं, पण किनाऱ्यावर बसणाऱ्या माणसाने ध्यानात ठेवावं असं आहे. आपल्याकडे मे ते सप्टेंबर पोट बरं, थंडीत नाक बरं. कोरड्या हवेत शिकवलेलं तसंच्या तसं इथे लागू पडेलच असं नाही.

सर्वांत महत्त्वाची रात्र त्यानंतरच्या आषाढात आली. दोन दिवस पाऊस खंडला नव्हता, वीज गेली होती, ओला धूर घरात कोंडला होता. रात्री जाग आली ती खऱ्या दम्याने. शिट्टी दोन्ही बाजूंनी. आधी पंप घेतला, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, स्पेसर म्हणजे पंपाला जोडायची नळी लावून. हे ठळकपणे सांगते. दम लागलेला असताना ध्यान हा इलाज नाही आणि रोजचा पंप ध्यानाच्या भरवशावर कुणी बंद करू नये. औषध लागू पडायला काही मिनिटं लागतात. ती मिनिटं मी आयुष्यभर ज्या रीतीने काढली तीत खांदे कानाला भिडलेले असायचे, डोक्यात हॉस्पिटल, रात्री खाडीवरच्या पुलावरून गाडी कोण काढेल, लेक पोचेल का. त्या रात्री मी पुढे वाकून, कोपरं मांडीवर टेकून बसले आणि पायांचे तळवे जमिनीला लागले होते तिथे लक्ष ठेवलं. लादी गार होती, थोडी चिकट होती. श्वासावर गेले नाही. तेवढी माझी ताकद नव्हती. तळव्यांवरून हळूहळू छातीकडे पाहिलं तर तिथे दोन गोष्टी होत्या. एक, बरगड्यांखालचा घट्टपणा आणि उच्छ्वासाची शिट्टी. ती जिथे होती तिथेच होती, फार वाढत नव्हती. दुसरी घशात होती, पोटात होती, हातापायांत होती, ती क्षणाक्षणाला चढत होती आणि तिच्यात चित्रं होती. डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा मिळालं. दम आणि दमाची भीती वेगवेगळ्या जागी राहतात. पहिलीला पंप लागतो. दुसरी, तिच्याकडे नुसतं पाहिलं तरी, चढायची थांबते, नंतर उतरतेसुद्धा. ह्यांनी कंदील आणला तोवर मी बोलू शकत होते.

रात्री तीनची जाग त्यानंतरही येते, अजून येते. फरक इतकाच की मी पंप चाचपत नाही. आधी तळवे अंथरुणाला लागतात ते जाणते, मग पोट. छाती साफ असेल तर दहापंधरा श्वासांत कळतं, आणि बहुतेक वेळा परत झोप लागते. साफ नसेल तर तेही लवकर कळतं आणि पंप वेळेत घेतला जातो. हा दुसरा फायदा मला पहिल्याइतकाच मोठा वाटतो. पूर्वी भीतीपोटी मी नको तेव्हा पंप घ्यायची आणि हवा तेव्हा ‘भीतीच असेल’ म्हणून थांबायची.

मागच्या माघात वन्संना घेऊन पन्हाळेकाजीची लेणी बघून आलो. दापोली तालुक्यातच आहेत, कोटजाई नदीच्या खोऱ्यात, एकोणतीस. आधी बौद्ध भिक्खूंची, पुढे वज्रयान या तांत्रिक बौद्ध पंथाची, त्याहीनंतर नाथपंथाची. मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ यांची शिल्पं तिथे आहेत. म्हणजे पंथ बदलले, देव बदलले, माणसं बसायला तिथेच येत राहिली. एका छोट्या खोलीत मी थोडा वेळ बसले. भिंतीला ओल होती, नेमका तोच वास. या किनाऱ्यावर, अशा ओलीत, सर्दी-खोकल्याची माणसं तेव्हाही बसलीच असतील. त्यांच्यातही एखादा दमेकरी असणार, हे मनात आलं आणि मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटली. वन्सं बाहेर उन्हात थांबल्या होत्या. म्हणाल्या, “जास्त वेळ नको त्या कुबटात.”

आता यंदा त्यांच्या आग्रहाने मीही इगतपुरीचा अर्ज भरला आहे, पावसाळ्यानंतरच्या शिबिराचा. पहाटे चारची घंटा, दहा दिवस मौन, आणि पहिले तीन दिवस नाकाशी. गाज तिथे नसणार. अर्जात आजारांची माहिती लिहायची असते. तिथे दमा लिहिला, दोन्ही पंपांची नावं लिहिली, आणि श्वास अवघड झाला तर काही वेळ तळव्यांकडे लक्ष नेलं तर चालेल का, हेही विचारलं आहे.